माळरान, पशुपालक आणि माळढोक : गवताळ प्रदेशातील पक्ष्यांच्या संरक्षणाचा प्रश्न

भारतातील वन्यजीव संरक्षणाचा विचार प्रामुख्याने वनांच्या अनुषंगाने होत आला आहे. व्याघ्र प्रकल्प असो वा हत्ती प्रकल्प, डोळ्यांसमोर उभे राहते ते घनदाट अरण्य. माळरानाला मात्र या विचारात फारसे स्थान मिळाले नाही. महसुली दप्तरात माळरान हे बहुधा ‘पडीक’, ‘पोटखराब’ किंवा ‘गायरान’ म्हणून नोंदले जाते. पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही झुडपी माळ आणि ऱ्हास पावलेली कुरणे यांची गणना पडीक जमिनीतच होते. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशात अशी पडीक जमीन सुमारे ५ कोटी ५८ लाख हेक्टर, म्हणजे एकूण भौगोलिक क्षेत्राच्या जवळपास १७ टक्के होती. एकदा जमीन ‘पडीक’ ठरली की तिचा ‘विकास’ करणे ओघानेच येते. मग तेथे वृक्षलागवड होते, कालवा येतो, औद्योगिक वसाहत किंवा सौर प्रकल्प उभा राहतो. वस्तुतः हीच जमीन देशातील पशुधनाच्या मोठ्या हिश्श्याला चारा पुरविते आणि माळढोक, तणमोर यांसारखे पक्षी याच जमिनीवर घरटे करतात.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी करारांतर्गत सादर केलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातील गवताळ क्षेत्र सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरवरून १ कोटी २३ लाख हेक्टरवर आले. ही घट केवळ पक्षीप्रेमींच्या चिंतेची बाब नाही. राजस्थानातील राईका, गुजरातमधील मालधारी, महाराष्ट्रातील धनगर, कर्नाटकातील कुरुबा हे समाज पिढ्यान्‌पिढ्या याच क्षेत्रावर अवलंबून राहिले आहेत. पक्षी आणि पशुपालक या दोघांची जमीन एकच आहे. त्यामुळे एकाचे रक्षण दुसऱ्याला बाजूला सारून करता येईल का, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

माळरानाचे पक्षी

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते व उंची सुमारे एक मीटर असते. एकेकाळी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या कोरड्या प्रदेशात त्याचा वावर होता. १९६९ मध्ये त्याची संख्या सुमारे १,२६० असावी असा अंदाज केला गेला होता. २००८ च्या सुमारास ती ३०० पर्यंत घसरली आणि आता दीडशेच्या आत आली आहे. त्यांतील बहुसंख्य पक्षी राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे, तर आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०११ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले. राजस्थानचा तो राज्यपक्षी असून तेथे त्याला ‘गोडावण’ म्हणतात. राष्ट्रीय पक्ष्याची निवड करताना ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला.

संख्या घटण्यामागे शिकारीचा वाटा मोठा होता. परंतु शिकारीला बंदी आल्यानंतरही घट थांबली नाही, हे अभ्यासकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावे. माळढोकाची मादी साधारणतः वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सुमारे महिनाभर ती एकटीच ते उबविते. या काळात अंड्यावर गुराचा पाय पडला, कुत्रे आले किंवा मादी पुन्हापुन्हा विचलित झाली, तर त्या वर्षीची वीण वाया जाते. अशा मंदगतीने वाढणाऱ्या जातीत एखाद-दुसरा प्रौढ पक्षी दगावणेही परवडत नाही.

तणमोर हा त्याचा लहान आप्त. वजन जेमतेम अर्धा किलो. पावसाळा सुरू होताच तो पश्चिम भारतातील गवताळ पट्ट्यांत विणीसाठी दाखल होतो. गवत पुरेसे वाढलेले असते तेव्हा नर माणसाच्या उंचीइतक्या उड्या मारून मादीचे लक्ष वेधतो. दिवसातून शेकडो वेळा ही उडी घेतली जाते. २०२१ पासून तणमोरही ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे.

दोन्ही पक्ष्यांच्या गरजा सारख्या नाहीत. माळढोकाला विरळ, आखूड गवत आणि दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा माळ लागतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, ज्वारी-बाजरीचे दाणे हे त्याचे अन्न. तणमोराला मात्र आडोसा देणारे, गुडघ्याएवढे गवत हवे असते. म्हणजे एकाच प्रदेशात काही ठिकाणी गवत चरलेले आणि काही ठिकाणी राखलेले असावे लागते. मेंढपाळाचा कळप ऋतुमानानुसार जागा बदलत हिंडत असे, तेव्हा ही विविधता आपोआप निर्माण होत असे.

चराई : शत्रू की साधन?

वनव्यवस्थापनाच्या परंपरेत चराईकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. रोपवनातील कोवळी रोपे गुरे खातात, म्हणून ब्रिटिश काळापासून वनाधिकारी चराईबंदीचा आग्रह धरीत. लाकडाचे उत्पादन हेच उद्दिष्ट असताना तो आग्रह समजण्यासारखा होता. गवताळ परिसंस्थेला तोच न्याय लावणे मात्र चुकीचे ठरले. गवताची पाती बुंध्याशी वाढतात. त्यामुळे मध्यम प्रमाणात चरण्याने गवत मरत नाही, उलट जुने वाळलेले गवत निघून नवी फूट येते. शेणावर जगणारे भुंगेरे आणि इतर कीटक हे पक्ष्यांचे खाद्य होतात. चराई पूर्ण थांबल्यास काही वर्षांत झुडपे वाढून मोकळा माळ बुजतो. अतिचराई झाल्यास गवताची मुळे उघडी पडतात, मारवेलीसारखे चांगले गवत जाऊन कुसळीसारखे निकृष्ट गवत माजते. किती गुरे, कोणत्या महिन्यात आणि कोठे, या तीन गोष्टींवर परिणाम अवलंबून असतो. ‘चराई हवी की नको’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा आहे.

या संदर्भात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा दाखला नेहमी दिला जातो. ते पाणथळ क्षेत्र असले तरी धडा येथेही लागू पडतो. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर कायद्यानुसार तेथे म्हशींची चराई बंद करण्यात आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबारात काही गावकरी मृत्युमुखी पडले. पुढे घडले ते अनपेक्षित होते. म्हशी ज्या पाणगवताला आवर घालीत होत्या ते बेसुमार वाढून उथळ पाणी व्यापू लागले आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासातून म्हशींची उपयुक्तता स्पष्ट झाली. ज्या संशोधकांकडून चराईबंदीला पाठिंबा मिळेल अशी अपेक्षा होती, त्यांचाच निष्कर्ष वेगळा आला, ही बाब महत्त्वाची आहे.

कायद्यातील भेद येथे नीट समजून घ्यावा. कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईस परवानगी नाही. अभयारण्यात मात्र मुख्य वन्यजीव रक्षक चराईचे नियमन करू शकतात. जैसलमेर-बाडमेरमधील ३,१६२ चौरस किलोमीटरचे ‘राष्ट्रीय मरुउद्यान’ नावाने उद्यान असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते अभयारण्य आहे, कारण त्याच्या हद्दीत अनेक गावे, ढाण्या आणि त्यांचे पशुधन आहे.

करेरा आणि नान्नज

माळढोकाच्या संरक्षणासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक अभयारण्ये घोषित झाली. त्यांपैकी दोहोंचा इतिहास अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे.

मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात १९८१ मध्ये करेरा अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०२ चौरस किलोमीटर. यातील जमीन बहुतांशी शेतकऱ्यांच्या मालकीची किंवा महसूल खात्याची होती, वनखात्याची जवळजवळ नव्हतीच. प्रारंभी गावकऱ्यांचा पक्ष्याशी काही वैरभाव नव्हता. परंतु अभयारण्याच्या घोषणेबरोबर जमिनीच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणात जमीन विकणे हा शेतकऱ्याचा अखेरचा आधार असतो, तोच आधार गोठला. दुसरीकडे संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली आणि त्यांचे कळप पिकांत शिरू लागले. नुकसान सोसणाऱ्याला त्याचे योग्य मोल मिळाले नाही. वास्तविक पीक खाणारा काळवीट होता, पण अभयारण्य माळढोकाच्या नावाने होते, म्हणून रोष पक्ष्यावर गेला. तो गेला तर निर्बंधही जातील, अशी भावना बळावली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. पक्षी गेल्यानंतरही निर्बंध दीर्घकाळ कायम राहिले, ही त्यातील आणखी एक विसंगती.

महाराष्ट्रात १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. इतक्या मोठ्या प्रदेशात तालुक्यांची गावे, राज्यमार्ग, साखर कारखाने, बाजारपेठा असे सर्व काही सामावले होते. तुलनेसाठी सांगावयाचे तर कच्छमधील माळढोक अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम २ चौरस किलोमीटर आहे. एक इतके मोठे की कायदा राबविणे अशक्य, दुसरे इतके लहान की एका पक्ष्याचा दिवसभराचा वावरही त्यात मावणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने सोलापूरच्या अभयारण्याची फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले.

नान्नज परिसरातील एक गोष्ट मात्र उद्बोधक होती. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमांतर्गत मृदसंधारण आणि चाऱ्यासाठी तेथील माळाचे काही तुकडे चराईपासून राखण्यात आले होते. पक्षिसंवर्धन हा त्या योजनेचा हेतू नव्हता. तरीही अशा राखीव तुकड्यांत गवत सुधारले आणि माळढोक विणीसाठी त्यांचा आश्रय घेऊ लागले. भोवती ज्वारी, करडई, तूर अशी कोरडवाहू पिके होती आणि मेंढ्यांचे कळप हिंडत होते. राखलेला तुकडा वीण व आडोशासाठी, शेते व चरलेला माळ अन्नासाठी, असा हा मेळ होता. तो दोन कारणांनी बिघडला. राखीव तुकड्यांत झाडे लावण्यात आली. मोकळ्या माळाच्या पक्ष्याला दाट झाडी म्हणजे अडथळाच. दुसरे कारण अधिक व्यापक होते. भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी आल्यावर जिल्ह्यातील मोठ्या भागात कोरडवाहू ज्वारीची जागा उसाने घेतली. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पाणी उपलब्ध असताना ज्वारीवर राहा, असे सांगणाऱ्याने त्या दोन पिकांच्या उत्पन्नातील अंतर भरून देण्याची तयारी ठेवावी लागते. तशी कोणतीही तरतूद नव्हती. आज नान्नजला माळढोकाचे दर्शन ही दुर्मीळ घटना झाली आहे.

राखलेले गवत : सैलानाचा अनुभव

मध्य प्रदेशाच्या रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर ही दोन्ही अभयारण्ये १९८३ मध्ये तणमोरासाठी (स्थानिक नाव ‘खरमोर’) घोषित झाली. माळवा, सौराष्ट्र आणि राजस्थानच्या काही भागांत संस्थानी काळापासून गवत राखण्याची पद्धत आहे. अशा राखीव कुरणाला कोठे ‘बीड’, कोठे ‘वीडी’ म्हणतात. पावसाळ्यात तेथे गुरे सोडली जात नाहीत. पावसाळा सरल्यावर गवत कापून साठविले जाते व त्यानंतरच गुरांना प्रवेश मिळतो. तणमोराच्या विणीचा काळ जुलै ते सप्टेंबर असा आहे. चाऱ्यासाठी घातलेला हा निर्बंध आणि पक्ष्याची गरज यांचे वेळापत्रक जवळपास तंतोतंत जुळते. पशुपालकांच्या व्यवहारातून पक्ष्याचे रक्षण कसे होऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

परंतु तणमोर केवळ बीडातच राहत नाही. तो शेजारच्या सोयाबीन, मूग, ज्वारीच्या शेतांतही जातो. तेथे वनखात्याचा अंमल चालत नाही. म्हणून मध्य प्रदेशच्या वनखात्याने शेतात खरमोर आढळल्याची खबर देणाऱ्या आणि घरट्याचे रक्षण करणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस देण्याची योजना राबविली. शेतकऱ्याच्या दृष्टीने पक्षी हा प्रथमच बोजा न राहता उत्पन्नाची बाब ठरला. रक्कम मोठी नव्हती, पण नात्याचे स्वरूप बदलले. त्याच वेळी सरदारपूरच्या परिसरात जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे करेऱ्यासारखीच नाराजी होती, हेही नोंदविले पाहिजे. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात शोकलिया भागात तणमोर मुख्यतः शेतांत आणि गावांच्या सामाईक कुरणांत आढळतो. तेथेही शेतकऱ्यांच्या सहभागावाचून काही साधण्यासारखे नाही.

अमेरिकेतील प्रयोग

खाजगी जमिनीवरील पक्ष्यांचे संरक्षण हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत सेजब्रश नावाच्या झुडपांचे विस्तीर्ण माळ आहेत. तेथील ‘सेज ग्राउज’ या पक्ष्याची संख्या अनेक दशके घटत होती. त्याचा अधिवास काही अंशी केंद्र सरकारच्या आणि काही अंशी रँचर म्हणजे मोठ्या प्रमाणावर गुरे पाळणाऱ्या जमीनमालकांच्या ताब्यात आहे. विशेष म्हणजे उन्हाळ्यात पिलांना लागणारी ओलसर कुरणे बहुतांशी खाजगी जमिनीवर आहेत. पक्ष्याची संकटग्रस्त जातींच्या यादीत नोंद झाली तर चराईवर कठोर बंधने येतील, ही भीती रँचरांना होती.

२०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती संधारण सेवेने या पक्ष्यासाठी एक ऐच्छिक योजना सुरू केली. तिचे स्वरूप वनखात्याच्या नव्हे तर कृषी विस्ताराच्या कामासारखे होते. गुरांना कुरणे पाळीपाळीने वापरू देण्यासाठी कुंपण व पाण्याच्या सोयीला साहाय्य मिळाले. माळावर पसरलेली जुनिपरची झाडे काढण्यासाठी खर्चाचा वाटा उचलला गेला. ज्यांनी आपली जमीन तुकडे पाडून न विकण्याचा कायमस्वरूपी करार केला त्यांना मोबदला देण्यात आला. तारेच्या कुंपणावर पक्षी आदळून मरतात, म्हणून तारेवर पांढरे प्लॅस्टिकचे तुकडे अडकविण्यात आले. इडाहो राज्यातील अभ्यासात एवढ्या साध्या उपायाने अशा धडकांचे प्रमाण सुमारे चार-पंचमांशाने कमी झाल्याचे आढळले. झाडे काढल्याने गवत वाढते आणि ते गवत गुरांच्याही कामी येते, हा हिशेब रँचरांना पटला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने या पक्ष्याला संकटग्रस्त यादीत टाकण्याची गरज नसल्याचे जाहीर केले. त्या निर्णयात या सहभागाचा उल्लेखनीय वाटा होता.

तथापि हा प्रयोग पूर्णतः यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९६५ पासून या पक्ष्याची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली होती. वणवे, परदेशी गवताचा प्रसार, तेल व वायूचे उत्खनन यांवर रँचरांचे नियंत्रण नाही. शिवाय शेकडो हेक्टरांचा एकच मालक असलेल्या देशातील करारपद्धती जशीच्या तशी भारतात आणता येणार नाही. येथे माळ सामाईक आहे. कळप वेगवेगळ्या कुटुंबांचे आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या नावावर जमीनच नाही. मग करार कोणाशी करावयाचा?

थरमधील प्रश्न

माळढोकाचे भवितव्य आता मुख्यतः थरमध्ये ठरणार आहे. तेथील पशुपालकांनी ‘ओरण’ ही संस्था टिकवून धरली आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली सामाईक जमीन. येथे गुरे चरतात, पण झाड तोडणे निषिद्ध मानले जाते. सेवण गवताचे मोठे पट्टे अशा ओरणांत आणि लष्कराच्या पोखरण गोळीबार क्षेत्रात शिल्लक आहेत. महसुली कागदोपत्री अनेक ओरण साधी सरकारी पडीक जमीन आहेत. त्यामुळे सौर व पवन ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी जागा शोधताना प्रथम दृष्टी त्यांच्यावर जाते.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरचे कमी दिसते. देह जड असल्याने ऐनवेळी वळणेही साधत नाही. उच्चदाब वीजवाहिन्यांवर आदळून थरमध्ये दरवर्षी सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने मांडला होता. दीडशेच्या आतल्या संख्येत हा आकडा किती भयावह आहे, हे सांगावयास नको. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह व इतर यांच्या याचिकेवर वाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचा व अन्यत्र पक्ष्यांना दिसतील असे परावर्तक बसविण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने त्या आदेशात बदल करून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपविला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे याच निकालात सांगण्यात आले.

या वादात ओरणांतील पशुपालक पक्ष्याच्या बाजूने उभे राहिले, ही बाब परीक्षार्थींच्या वाचनात क्वचितच येते. त्यांचा युक्तिवाद मुख्यतः चाऱ्याचा होता. वाहिन्या आणि कुंपणे आली की उंट-मेंढ्यांचे मार्ग अडतात. मात्र १८ डिसेंबर २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरण व देवराया यांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले, तेव्हा काही पशुपालकांना निराळीच चिंता वाटली. ‘वन’ ठरल्यावर चराईचा हक्क राहील का? पूर्वानुभव पाहता ही शंका निराधार नव्हती.

बंदिस्त प्रजननाचे काम २०१९ मध्ये जैसलमेरजवळ सम येथे सुरू झाले. माळावरून आणलेल्या अंड्यांतून पिले वाढविण्यात आली, तर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून जन्मलेले पिलू ही मोठी तांत्रिक झेप ठरली. परंतु ही पिले शेवटी सोडावयाची आहेत ती गुरे चरणाऱ्या माळावरच. तेथे भटक्या कुत्र्यांचा उपद्रव मोठा आहे. मेलेली जनावरे उघड्यावर टाकली जातात आणि त्यांवर कुत्री पोसली जातात. त्यांच्या बंदोबस्तासाठी ग्रामपंचायतीचे सहकार्य लागते. विणीच्या महिन्यांत काही पट्टे मोकळे ठेवावयाचे, तर तेवढ्या काळाचा चारा पशुपालकाला अन्यत्र मिळाला पाहिजे. कुंपण घालून बंद केलेल्या क्षेत्रांत विणीचे प्रमाण सुधारते हे खरे, पण कुंपणाबाहेर गेलेल्या कळपांचा भार उरलेल्या माळावर पडतो, याचा हिशेब सहसा केला जात नाही.

हक्क आणि कायद्याची चौकट

वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. सामुदायिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही तेथेच आहे. गुजरातमधील सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या बन्नी कुरणात मालधारींनी याच कायद्याखाली दावे केले. १९६० च्या दशकात वनखात्याने तेथे लावलेला गांडा बावळ हा परदेशी बाभूळवर्गीय वृक्ष पुढे माळभर पसरला. त्यामुळे चारा घटला आणि मोकळ्या गवतात वावरणाऱ्या पक्ष्यांची जागाही गेली. तो काढण्यात मालधारी आणि पक्षितज्ज्ञ यांचे हितसंबंध एकच आहेत. मालकी वनखात्याची की महसूल खात्याची, या वादात मात्र अनेक वर्षे गेली.

महाराष्ट्रात वाशीम व अकोला जिल्ह्यांत तणमोराशी सर्वांत जवळचा संबंध होता तो फासेपारधी समाजाचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यासारख्या कायद्यांचा कलंक दीर्घकाळ वागविलेला हा समाज फासे लावून पक्षी पकडीत असे. त्यामुळे तणमोर केव्हा येतो, कोठे लपतो, कोणत्या गवतात घरटे करतो, याचे ज्ञान त्याच्याइतके कोणालाच नव्हते. ‘संवेदना’ या स्थानिक संस्थेबरोबर या समाजातील कुटुंबांनी तणमोराची नोंद ठेवण्याचे आणि गवत राखण्याचे काम हाती घेतले. जेथे गवत राखले तेथे चाराही वाढला.

अशा प्रयत्नांना वन्यजीव कायद्याच्या चौकटीत बसविण्यासाठी २००२ च्या दुरुस्तीने दोन नवे प्रकार आणले. कलम ३६-क नुसार ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी विचारविनिमय करून घोषित होते. कलम ३६-ग नुसार ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर, तेथील लोक स्वेच्छेने पुढे आल्यास घोषित करता येते. माळरानाची अडचण अशी की गायरान हे वापराने गावाचे आणि कागदाने सरकारचे असते. त्यामुळे ज्यांनी ते राखले त्यांना ३६-ग खाली अर्ज करावयाचा तर जमीन त्यांची नाही, आणि ३६-क खाली निर्णय घ्यावयाचा तर तो त्यांच्या हाती नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. भारतात मात्र गायरानाच्या सातबाऱ्यावर चराईचा हक्क कोणाच्या नावाने लिहावयाचा, हा प्रश्न अद्याप महसूल, वन आणि पशुसंवर्धन या तीन खात्यांच्या मध्येच पडून आहे.